बिननावाचे डबे

काकांच्या दुकानात एकाही डब्यावर नाव नव्हतं. नालासोपारा पश्चिमेला, जुन्या गावाच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत ते काष्ठौषधींचं दुकान होतं. आत शिरलं की छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं पत्र्याचे डबे. सगळे बिस्किटांचे, एकाच मापाचे, रंग उडालेले. कुणी वेखंड मागितलं की काकांचा हात न बघता एका डब्यावर जायचा. झाकण उघडून आधी वास, मग चिमूटभर स्वतःच्या जिभेवर, आणि मग चिमूटभर गिऱ्हाइकाच्या तळहातावर.

"चाव. पोटात घालनार त्याची वळख करून घे आधी."

गिऱ्हाईक तोंड वेडंवाकडं करायचं, काका समाधानानं पुडी बांधायचे. एखाद्यानं चाखायला नकार दिला, तर त्याला औषध मिळायचं नाही. अशी कितीतरी माणसं रागारागानं गल्ली ओलांडून माझ्याकडे आलेली मी पाहिली आहेत, कारण माझं मेडिकल स्टोअर बरोबर समोर होतं आणि माझ्याकडे काही चाखावं लागत नसे.

मी दुकान थाटलं त्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले होते. धोतर, वर बंडी, खांद्यावर पंचा. तापाची एक गोळी मागितली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर त्यांनी ती गोळी दाढेखाली धरून कडाकडा चावली, डोळे मिटून तोंडात घोळवली आणि बाहेर गटारात थुंकून आले.

"कडू हाय," म्हणाले, "पन कडूला मागं-पुढं काय नाय. नुसता भिंतीसारखा कडू."

पुढे त्यांनी माझ्या काउंटरवरच्या बऱ्याच गोळ्या अशा चावून पाहिल्या. मी ओरडायची, ते ऐकायचे नाहीत. मला ते 'गोळीवाली' म्हणायचे, अगदी माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा. मी त्यांना काका म्हणायची आणि मनातल्या मनात तऱ्हेवाईक म्हातारा. दोन्ही खरं होतं.

त्या जिभेला ते जपायचे तसं कुणी डोळ्यांना जपत नाही. चहा नाही, पान-तंबाखू नाही, मिरची नाही, कांदा-लसूण नाही. गोड तर अजिबात नाही, कारण गोडानं जिभेवर साय धरते असं त्यांचं म्हणणं. सकाळी दुकान उघडायच्या आधी कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि मग एक घोट साधं पाणी तोंडात धरून बसायचं. नळाला पाणी कुठल्या दिवशी टँकरचं आलंय, ते त्या घोटावरून सांगायचे. लग्नाच्या पंगतीत वरणाचा पहिला घास घेऊन म्हणायचे, "डाळ औंदाची नाय." यजमान कानकोंडे व्हायचे. पुढे पुढे गावात त्यांना आमंत्रणं कमी झाली, याचं त्यांना काही वाटलं नाही.

वाटत होतं ते काकींना. काकी जवळच्याच नंदाखाल गावच्या. माहेरी केळीच्या बागा, घरी सुकेळी करायचे, म्हणजे वाळवलेली गोड केळी. लहानपणी परकराच्या ओच्यात सुकेळी घेऊन हिंडलेली ही बाई लग्न होऊन या घरात आली आणि तिचं जेवणच अळणी झालं. घरात वेगळं शिजवायची सोय नव्हती. फोडणीचा वास पसरला तरी काका दुकानातून आत येऊन विचारायचे, "कोन मला आंधळा करतं?" काकींनी ते सगळं हसून सोसलं. माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या तेव्हा मी ड्रॉवरमधून एखादी श्रीखंडाची गोळी काढून द्यायची. त्या ती माझ्याच दुकानात उभ्या राहून संपवायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि मगच गल्ली ओलांडायच्या. नवऱ्याला वास आला असता.

काकांचं मूळ घराणं नायगावच्या खाडीकाठचं, शेतकरी. वडील शेती सांभाळून औषधं द्यायचे. बांधावर माका, गोरखमुंडी, कुंपणाला सागरगोट्याची जाळी. त्या जमिनीवर आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत. एकदा एक तरुण त्याच इमारतींमधून केस गळतात म्हणून माका शोधत आला, तर काकांनी त्याला घराचा पत्ता नीट विचारून घेतला. मग म्हणाले, "तुझ्या लिफ्टच्या खाली होता बग." तो हसला. काका हसले नव्हते.

दुपारी गल्लीत सामसूम असायची तेव्हा ते माझ्या पायरीवर येऊन बसायचे आणि जुन्या वापरांच्या गोष्टी सांगायचे. अर्नाळ्याचे कोळी उंडीचं तेल होडीच्या लाकडाला चोळायचे आणि उरलेलं स्वतःच्या गुडघ्यांना. जाळी टिकावी म्हणून ती सालींच्या पाण्यात उकळायची, आणि तेच पाणी तोंड आलं की गुळण्यांना. बिब्ब्यानं परीट कपड्यांवर खुणा करायचे आणि बायका भेगाळलेल्या टाचा भरायच्या. बाळाच्या घुटीत मुरुडशेंगेचे वेढे किती आणि हळकुंडाचे किती, हे आईनं बाळाचं तोंड बघून ठरवायचं. सोपारा बंदर होतं त्या काळात इथून काय काय जहाजांत चढलं असेल, यावर ते तासभर बोलायचे आणि शेवटी खिन्न होऊन म्हणायचे, "तवा हितनं माल जायचा. आता हितं नुसती मानसं येतात." यातलं किती खरं, किती त्यांच्या कल्पनेतलं, मी कधी विचारलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

डब्यांना नावं लावा, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. एकदा माझ्याकडचे पांढरे स्टिकर आणि मार्करही नेऊन दिला.

"नाव वाचनारा माल बगत नाय," ते म्हणाले. "नाव डब्याचं असतं. आत कीड पडली तरी नाव तेच. जीभ खोटं सांगत नाय." तो मार्कर त्यांनी मला परत दिला. स्टिकर मात्र काकींनी ठेवून घेतले आणि लोणच्याच्या बरण्यांना लावायला नंदाखालला भावजयीकडे पाठवले.

दुसरा हट्ट खरं बोलण्याचा. औषधाच्या बाबतीत खोटं बोललं की हाताचा गुण जातो, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते शब्दशः घेतलं होतं. एक माणूस आजारी वडिलांना रिक्षात घालून आला होता. इस्पितळातून घरी पाठवलेला पेशंट. मुलगा काकांच्या कानाशी लागून म्हणाला, "फक्त बरं होईल एवढं म्हणा, त्यांना धीर येईल." काकांनी पुडी बांधली, रिक्षापाशी गेले आणि म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं, "यानं तू बरा नाय व्हनार. घास उतरंल, एवढंच." मुलगा रडायला लागला. त्या दिवशी मी काकांशी भांडले. एका वाक्यानं तुमचं काय गेलं असतं, असं विचारलं. ते म्हणाले, "माजं गेलं असतं." आणि पाठ फिरवून आत गेले. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

मग ती साथ आली. टाळेबंदी उठता उठता काढ्यासाठी त्यांच्या दुकानाबाहेर रांग लागली. उभ्या आयुष्यात एवढी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली नव्हती. जो तो मोबाइल पुढे धरून त्यातला काढा मागत होता. काका चिडत होते, प्रत्येकाला चाखवत होते, तोंडावरचा मास्क खाली ओढायला लावत होते. व्हायचं तेच झालं. त्यांना ताप आला. चार दिवस पडून होते आणि उठले. काकींना काही झालं नाही. आम्ही सगळे म्हणालो, थोडक्यात वाचले.

त्या साथीत अनेकांची चव आणि वास गेला होता आणि परतही आला होता. काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणून मीही काही विचारलं नाही. मला कळलं ते त्यानंतर दिवाळीच्या सुमारास. माझ्या दुकानात सत्यनारायण घातला होता. शिऱ्याकडे लक्ष द्यायचं राहिलं आणि तो खाली लागला. साऱ्या दुकानात करपट वास. फेकायचा कसा म्हणून वरचा वरचा काढून द्रोणांत भरला. काका आले, तीर्थ घेतलं, शिरा पानात न टाकता सगळा खाल्ला आणि म्हणाले, "छान झालाय गो." गोड न खाणारा माणूस. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून मी समोरून लक्ष ठेवू लागले. डबा उघडून वास घ्यायचा, चिमूट जिभेवर ठेवायची, हे सगळं तसंच चालू होतं, पण ते आता देवाला हात जोडतात तसं नुसतं सवयीनं. गिऱ्हाइकाला मात्र पूर्वीपेक्षा जास्त विचारत. "कसं लागतं? सांग. नीट सांग." लोकांना वाटे, म्हाताऱ्याचं वेड वाढलं. हळूहळू त्यांनी चूर्णं विकायची बंद केली. कुणी मागितलं तर, "कुटायला हात चालत नाय आता." अख्खी मुळं, साली, शेंगा तेवढ्या डोळ्यांनी ओळखून देत. चूर्णाचे डबे फळीवर तसेच राहिले. मला त्यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसत होता आणि बरंही वाटत होतं की, चुकीचं काही कुणाच्या पोटात जात नाही.

घरात मात्र एक चूर्ण चालू होतं. काकींना झोप लागत नसे, पाय दुखत. म्हणून काका त्यांना रोज संध्याकाळी दुधातून अश्वगंधा द्यायचे. कित्येक वर्षांचा नेम. तो डबा आतल्या खोलीच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात. तो दुकानातला नव्हता, तो घरचा. त्याच्याबद्दल काकांच्या मनात कधी शंकाच आली नाही.

गणपतीच्या आधी काकी दुकानातले आणि आतल्या खोलीतलेही सगळे डबे उतरवून, पुसून, उन्हात ठेवून परत लावायच्या. काकींना कुठल्या डब्यात काय ते माहीत नव्हतं, त्या कशाही लावायच्या. मग काका एकेका डब्याचं झाकण उघडून नाकाशी धरायचे आणि आपल्या जागी बसवायचे. दरवर्षी हा सोहळा मी बघायची. साथीनंतरच्या गणपतीतही तो झाला. झाकणं उघडली गेली, नाकाशी धरली गेली आणि डबे जागेवर बसले.

त्या हिवाळ्यात काकींचा रक्तदाब आटोक्यात येईना. माझ्या काउंटरवर यंत्र होतं, मीच मोजायची. डॉक्टरांनी गोळी बदलली, मग वाढवली. पायांना सूज यायला लागली, अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा. मी मीठ कमी करा म्हटलं, तर काकी हसून म्हणाल्या, "आमच्यात मीठ हायच कुठं, बाय?" मात्र चेहरा प्रसन्न असायचा. श्रीखंडाची गोळी दिली तर, "नको, आता लागत नाय," म्हणायच्या. मला वाटलं, वय झालं, इच्छा मेली.

मग एका सकाळी नळावरच त्या खाली बसल्या त्या उठल्या नाहीत. उजवी बाजू गेली. इस्पितळातून आणलं तेव्हा शब्द जड झाले होते, तोंड एका बाजूला ओढलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबानं झालं, वयही आहे. पुढचा झटका केव्हाही येऊ शकतो, हे त्यांनी काकींच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. मुलगा विरारला राहायचा, तो येऊन-जाऊन होता.

आणि एका दुपारी काका माझ्या दुकानात आले, काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माजी जीभ गेली, गोळीवाली. नाकबी गेलं. त्या तापातच."

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, काका."

"ठाऊक हाय तर चल."

त्यांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ते एकेक चूर्णाचा डबा काढून माझ्या तळहातावर चिमूट टाकू लागले. मी चाखायचं, सांगायचं, त्यांनी ओळखायचं. मी म्हटलं, "कडू." ते म्हणाले, "कसं कडू? लागलीच कडू का मागाहून? जीब वडते का? घशात उतरतं का वरच्या वर ऱ्हातं?" माझ्याकडे त्याला शब्द नव्हते. कडू, तुरट, तिखट, संपलं. मी चुळा भरत होते, परत चाखत होते. "जरा मातीसारखं," म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा आणि ते एका झाडाचं नाव घ्यायचे. "कळत नाही हो," म्हटलं की तो डबा ते खाली जमिनीवर ठेवायचे. जमिनीवरचे डबे वाढत चालले. आपण जन्मभर जे जपलं ते या बाईच्या बथ्थड जिभेवर विसंबून वाचवायची वेळ आली, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

शेवटी ते आतल्या खोलीत गेले आणि कोपऱ्यातला डबा घेऊन बाहेर आले. पिवळट, मऊ चूर्ण. "ही आसगंध," म्हणाले. "हे मला ठाऊक हाय. तरी बग."

मी चिमूट जिभेवर ठेवली. मग त्यांच्याकडे पाहिलं. मला ती चव कुणी शिकवायला नको होती. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांतून ती मी रोज विकते.

"गोड आहे, काका."

"कडसर. तुरट."

"नाही. गोड. खूप गोड."

त्यांनी डबा नाकाशी धरला आणि तसाच खाली घेतला. ते ज्येष्ठमध होतं. दोन्ही चूर्णं दिसायला जवळजवळ सारखी, वासात जमीनअस्मानाचा फरक. ज्येष्ठमध रक्तदाबाच्या माणसाला रोज, महिनोन्‌महिने द्यायचं नसतं. पाणी अंगात साठतं, दाब चढतो. हे माझ्या पुस्तकात होतं आणि त्यांच्या वडिलांनी त्यांच्या डोक्यात घातलेलं होतं. दोघांपैकी कुणालाच कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आता तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. काका विरारला मुलाकडे असतात, सोळाव्या मजल्यावर. मी मागे भेटायला गेले तेव्हा सून त्यांना चहा देत होती, आणि ते पीत होते. साखर किती, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, "तुला वाटंल तेवढी." डब्यांतलं काही त्यांनी कुणाला दिलं नाही. सगळं चूर्ण खड्डा खणून पुरलं आणि रिकामे डबे भंगारवाल्याला दिले. काकी त्या दुपारनंतर फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांना मुलानं अग्नी दिला तेव्हा मी स्मशानाच्या दाराशी उभी होते. पण मला राहून राहून आठवते ती त्या दुपारची आतली खोली.

डबा हातात घेऊनच ते काकींच्या खाटेपाशी गेले होते. मी दारात थांबले. त्या जाग्या होत्या. काका उशाशी बसले, घसा खाकरला. खरं बोलायची त्यांची ती तयारी माझ्या ओळखीची होती. रिक्षातल्या म्हाताऱ्यासमोरही ती मी पाहिली होती.

"ऐक," ते म्हणाले. "दुधात तुला मी जे देत व्हतो ना, ते..."

काकींनी डावा हात उचलून त्यांना थांबवलं. शब्द जोडायला त्यांना वेळ लागत होता. "मना ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "गोड हाय."

काका पुढे वाकले.

"पयल्याच दिवशी कळला. बोलले नाय. म्हटलं, बोलले तर बंद कराल." त्या थांबल्या, दम घेतला. "इतकी वर्सं झाली. मना वाटला, शेवटाला तरी माज्यासाठी काय गोड केलात. मुद्दाम दिलात ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात तो डबा होता आणि त्या डब्यात काय होतं, हे आता आम्हा दोघांनाही नेमकं माहीत होतं.

"व्हय गो," ते म्हणाले. "तुला आवडतं म्हनून दिलं. मुद्दाम."

काकी हसल्या. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसली.